धडक त्यांची, क्लेम कुणाचा?

गेल्या महिन्यात गाडीच्या इन्शुरन्सवर दोन ओळी लिहिल्या होत्या, की अपघातात आपली चूक नसेल तर आपल्याला काही करावं लागत नाही हा समज डोक्यातून काढा म्हणून. त्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा अंक त्यालाच द्यायचं ठरवलं. मी स्वतः बरीच वर्षं मोटार क्लेमच्या टेबलवर काम केलंय, त्यामुळे ही पत्रं वाचताना जीव तुटतो, कारण बहुतेकांचा हक्क बुडालाय तो कायदा वाईट म्हणून नाही तर पहिल्या दोन दिवसांत कुणी नीट सांगितलं नाही म्हणून. सगळी पत्रं घेता आली नाहीत, सारखी वाटली ती एकत्र केलीत.

प्रश्न : ताई, मी पुण्यात सिंहगड रोडला राहते. तीन आठवड्यांपूर्वी सिग्नलला उभी होते, लाल होता, आणि मागून एका गाडीने येऊन ठोकलं. माझी गाडी साडेतीन वर्षं जुनी आहे, हॅचबॅक. डिकी आत गेली, मागचा बंपर तुटला, काच फुटली. तो मुलगा खाली उतरून सॉरी म्हणाला, माझीच चूक आहे, मी भरून देतो म्हणाला, नंबर दिला. मी पण वाद घातला नाही. आता फोन उचलत नाही. गॅरेजवाल्याने ५८,००० चं इस्टिमेट दिलंय. माझा एजंट म्हणतो त्याच्या इन्शुरन्सवर क्लेम करा, तुमचा एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, कशाला घालवता, ३५ टक्के आहे. गॅरेजवाला म्हणतो स्वतःच्या पॉलिसीवर टाका आणि मोकळ्या व्हा. चूक त्याची असताना माझ्या इन्शुरन्सला हात का लावायचा? आणि गाडी तशीच उभी आहे.

उत्तर : ताई, तुमचा राग बरोबर आहे, पण गॅरेजवाल्याचं ऐका. आणि आजच.

होतं काय, आपल्याला वाटतं की त्याची चूक म्हणजे त्याच्या इन्शुरन्स कंपनीला फोन केला की ते येऊन आपली गाडी बघतील आणि पैसे देतील. आपल्याकडे असं होत नाही. त्याची थर्ड पार्टी पॉलिसी तुमच्या नुकसानीसाठीच असते हे खरं, तुमच्या गाडीचं नुकसान त्यात बसतं, कारच्या पॉलिसीत सहसा साडेसात लाखापर्यंत आणि टू-व्हीलरच्या पॉलिसीत एक लाखापर्यंत. पण ते पैसे मिळवायचा रस्ता जातो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून, म्हणजे आपण ज्याला कोर्टात एमएसीटी म्हणतो तिथून. तिथे अर्ज करायचा, त्याला, त्या गाडीच्या मालकाला, त्यांच्या इन्शुरन्स कंपनीला पार्टी करायचं, चूक त्याची होती हे दाखवायचं, बिलं दाखवायची, आणि मग तारखा. महिने नाही, वर्षं जातात. लोक अदालतीत तडजोड होऊन लवकर सुटतात काही केसेस, पण ५८,००० च्या डेंटिंग-पेंटिंगसाठी तोपर्यंत गाडी दारात झाकून ठेवणार का?

म्हणून तुमच्याकडे जर ओन डॅमेज असेल, लोक ज्याला फुल इन्शुरन्स किंवा फर्स्ट पार्टी म्हणतात ते, तर पहिला क्लेम आपल्याच कंपनीत. तिथे चूक कुणाची हा प्रश्नच नसतो, तुमची असती तरी दिले असते आणि त्याची आहे तरी देतील. त्यासाठीच तर दरवर्षी प्रीमियम भरता ना.

आता एनसीबीचं गणित, कारण सगळे इथेच अडतात. आपल्याकडे चूक कुणाचीही असो, ओन डॅमेजचा क्लेम घेतला की पुढच्या वर्षी एनसीबी शून्य होतो, हे अन्यायाचं वाटतं आणि मलाही वाटतं, पण नियम तोच आहे. आधी एनसीबी प्रोटेक्टचं अ‍ॅड-ऑन घेतलं असेल तर वाचतो, पॉलिसीच्या कागदावर बघा. नसेल तर किती जातं ते मोजा. क्लेम नसता केला तर पुढच्या वर्षी तुम्हाला ४५ टक्के मिळाला असता आणि मग ५० वर थांबला असता. क्लेम केल्यावर शून्य, मग २०, २५, ३५, ४५ असं परत चढायचं. पाच वर्षांतला फरक मिळवला तर ४५ अधिक ३० अधिक २५ अधिक १५ अधिक ५, म्हणजे १२० टक्के. हे टक्के फक्त ओन डॅमेजच्या प्रीमियमवर असतात, थर्ड पार्टीच्या भागावर नाही. समजा तुमचा ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम ९,००० आहे तर पाच वर्षांत मिळून १०,८०० च्या आसपास जातील, तेही गाडीची किंमत उतरत जाते म्हणून प्रत्यक्षात थोडे कमीच. ५८,००० समोर दिसत असताना हे १०,८०० वाचवायला जायचं का? मला नाही वाटत. हां, नुकसान सहा-सात हजाराचं असतं तर मी उलटं सांगितलं असतं, की खिशातून करून टाका.

क्लेममध्ये सगळे ५८,००० मिळणार नाहीत हेही आत्ताच ऐकून ठेवा, नंतर गॅरेजच्या काउंटरवर भांडण होतं. झिरो डेप, म्हणजे पार्ट जुने झाले म्हणून पैसे न कापायचं अ‍ॅड-ऑन, असेल तर फक्त सक्तीची कपात जाईल, १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,०००. नसेल तर घसारा कापतात. प्लॅस्टिक आणि रबराचे पार्ट निम्मे, काचेला काहीच कापत नाहीत, पत्र्याला गाडीच्या वयाप्रमाणे, तुमची तीन ते चार वर्षांमधली आहे म्हणून २५ टक्के. पेंटिंगच्या बिलातला पाव हिस्सा मटेरियल धरतात आणि त्याचे निम्मे कापतात. मजुरी पूर्ण मिळते. समजा तुमच्या ५८,००० मध्ये बंपर वगैरे प्लॅस्टिक १४,०००, डिकी आणि पत्रा २२,०००, काच ६,०००, मजुरी ८,००० आणि पेंट ८,००० असं असेल तर घसारा जाईल ७,००० अधिक ५,५०० अधिक १,०००, वर सक्तीची कपात १,०००, एकूण १४,५०० तुमच्या खिशातून आणि ४३,५०० कंपनीचे.

हे १४,५०० मात्र त्या मुलाकडून मागायचा हक्क तुमचा आहे. जे तुमच्या कंपनीने दिले ते परत त्याच्याकडून तुम्ही घेऊ शकत नाही, एकाच नुकसानीचे दोनदा पैसे मिळत नाहीत, तेवढ्या रकमेपुरता वसुलीचा हक्क तुमच्या कंपनीकडे जातो आणि त्यासाठी एका कागदावर सही मागतील, ती द्यायची असते. कंपन्या आपापसात बऱ्याचदा नॉक फॉर नॉक करतात, म्हणजे ज्याने त्याने आपापल्या गिऱ्हाइकाची गाडी करून द्यायची आणि एकमेकांच्या मागे लागायचं नाही, पण तो त्यांच्यातला मामला, त्याने तुमचे उरलेले पैसे बुडत नाहीत. त्या मुलाला एक साधं पत्र पाठवा, गाडीचा नंबर, तारीख, वेळ, जागा, फोटो, बिल, कंपनीने किती दिले आणि किती राहिले. व्हॉट्सअ‍ॅपवर पण टाका. त्याने आधी सॉरी, मी भरतो असं मेसेजमध्ये लिहिलं असेल तर तो मेसेज डिलीट करू नका, फोन बदलला तर बॅकअप घ्या. नाही दिले तर एमएसीटीत त्या १४,५०० साठी जायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, मी कुणाला जा म्हणणार नाही आणि जाऊ नका असंही म्हणणार नाही. जायचं ठरलं तर अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज झाला पाहिजे, आणि तो तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो.

तीन आठवडे झालेत म्हणजे कंपनीला कळवायला उशीर झालाय, पण झालाय म्हणून घाबरून गप्प बसू नका. उशीर का झाला ते खरं खरं लिहा, की समोरच्याने भरतो म्हणून सांगितलं होतं आणि मी वाट बघितली. फक्त उशीर झाला एवढ्याच कारणावरून खरा क्लेम फेटाळू नका असं इन्शुरन्स नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०११ मध्येच कंपन्यांना कळवलंय. आणि हो, सर्व्हेयर, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान तपासणारा माणूस, येऊन बघेपर्यंत एक स्क्रू पण काढू देऊ नका. गॅरेजवाले घाई करतात, बंपर काढून कोपऱ्यात टाकतात, मग सर्व्हेयर विचारतो जुना पार्ट कुठेय.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ सुतारकाम करतो, आम्ही कराडजवळ राहतो. दोन महिन्यांपूर्वी तो मोटरसायकलवरून येत असताना राँग साइडने आलेल्या कारने उडवलं. मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकलाय, हॉस्पिटलचं बिल १,८०,००० झालं. कारवाले घरी आले होते, ४०,००० देतो म्हणतात, स्टॅम्प पेपरवर लिहून द्या की आमची काही तक्रार नाही. भावाकडे लायसन नव्हतं, संपलं होतं, म्हणून ते म्हणतात कोर्टात गेलात तर तुम्हालाच काही मिळणार नाही उलट तुमच्यावर केस होईल. एफआयआर झालाय. घरी सगळे म्हणतात जे मिळतंय ते घ्या. काय करू ताई?

उत्तर : दादा, सही करू नका. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायच्या आधी झाली नसेल अशी आशा आहे.

गाडीचं नुकसान आणि माणसाचं नुकसान याच्यात जमीन अस्मानाचा फरक आहे. गाडीच्या नुकसानीला थर्ड पार्टी पॉलिसीत मर्यादा असते, साडेसात लाख किंवा एक लाख. माणसाच्या इजेला किंवा मृत्यूला मर्यादा नाही, न्यायाधिकरण जे ठरवेल ते कंपनीला द्यावं लागतं. आणि इथे आपल्या पॉलिसीचा प्रश्नच येत नाही, इथे रस्ता एकच, त्या कारच्या इन्शुरन्सवर एमएसीटीत दावा. ते कारवाले ४०,००० द्यायला तयार आहेत ते स्वतःच्या खिशातून, कारण त्यांना केस नको आहे. तुम्हाला मिळायचे ते त्यांच्या खिशातून नाही तर त्यांच्या इन्शुरन्स कंपनीकडून मिळायचे आहेत, ती गोष्ट त्यांनी तुम्हाला सांगितली नाही. कदाचित त्यांना पण माहीत नसेल. गंमत म्हणजे पॉलिसीच्या अटीतच असतं की कंपनीला न विचारता कुणाला पैशाचं कबूल करायचं नाही.

लायसनचं. लायसन नव्हतं हा वेगळा गुन्हा आहे, त्याचा दंड होईल तो भरा. पण लायसन नव्हतं म्हणून अपघातात त्याची चूक होती असं धरता येत नाही, सुप्रीम कोर्टाने हे सांगितलेलं आहे. तुमचा भाऊ आपल्या बाजूने चालला होता आणि समोरून राँग साइडने कार आली, तर चूक कशी झाली ते पंचनाम्यावरून ठरणार, लायसनच्या कार्डावरून नाही. उलटं झालं असतं, म्हणजे कारवाल्याकडे लायसन नसतं, तरी बहुतेक वेळा कोर्ट कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतं आणि मग गाडीमालकाकडून वसूल करा म्हणून सांगतं. जखमी माणूस वाऱ्यावर पडू नये हा त्यातला विचार आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

आता दावा कशाकशाचा करायचा. हॉस्पिटलचं बिल तर आहेच, पण लोक तिथेच थांबतात. काम बुडालं तेवढ्या महिन्यांची कमाई, पुढे रॉड काढायचं ऑपरेशन होणार असेल तर डॉक्टरांकडून त्याच्या खर्चाचा अंदाज लिहून घ्या, घरच्या माणसाने काम सोडून सेवा केली ते, येण्याजाण्याचा खर्च, खाणंपिणं, वेदना. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पुढे कमवायची ताकद किती कमी झाली. सुताराला उकिडवं बसावं लागतं, शिडीवर चढावं लागतं, फळी उचलावी लागते. डॉक्टरने सर्टिफिकेटवर पायाचं अपंगत्व समजा २० टक्के लिहिलं तर टेबलवर बसून काम करणाऱ्याला त्याने फारसा फरक पडणार नाही कदाचित, पण सुताराची कमाई त्याहून जास्त जाऊ शकते, आणि कोर्ट हेच बघतं, नुसता टक्का नाही. म्हणून डॉक्टरांना साक्षीला बोलवावं लागलं तर वकिलाला बोलवायला सांगा आणि भावाने स्वतः कोर्टात सांगावं की आता काय जमत नाही.

पगाराची स्लिप नाही म्हणून खचू नका. ज्यांची ज्यांची कामं केली त्यांच्याकडून लिहून घ्या, फर्निचर केलेल्या घरांचे फोटो, फोनपे गुगलपेच्या एंट्री, लाकडाच्या दुकानाची बिलं, हे सगळं गोळा करा. काहीच नसेल तरी किमान वेतन वगैरे बघून न्यायाधिकरण अंदाज धरतं, पण पुरावा असेल तर अंदाज तुमच्या बाजूने झुकतो.

पोलीस स्टेशनमधून एफआयआर, स्पॉट पंचनामा, इजेचं सर्टिफिकेट, दोन्ही गाड्यांची आरसी, कारवाल्याचं लायसन आणि पॉलिसीची कॉपी या सगळ्याच्या नकला घ्या. एप्रिल २०२२ पासूनचे नियम असे आहेत की पोलिसांनी अपघाताची पहिली माहिती ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि कंपनीला द्यायची आणि नंतर सविस्तर अहवाल पाठवायचा, तो अहवाल दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. पण तुम्ही त्याच्या भरवशावर राहू नका, तपास अधिकाऱ्याला जाऊन विचारा पाठवलाय का, आणि सहा महिन्यांच्या आत वकिलातर्फे आपला अर्ज घाला. दोन महिने गेलेत, चार राहिलेत. दाव्याची जी रक्कम मंजूर होते त्यावर व्याज पण मिळतं.

एक तुमच्यासाठी उशिराचं आहे पण बाकीच्यांनी वाचून ठेवा. ५ मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे, रस्ते अपघातात जखमी झालेल्या कुणालाही, मग चूक कुणाचीही असो, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार कॅशलेस. हॉस्पिटलमध्ये पोचल्या पोचल्या विचारा, ते आपणहून सांगतीलच असं नाही, आणि ११२ ला फोन केला तर जवळचं असं हॉस्पिटल कुठलं ते विचारता येतं.

प्रश्न : नाशिकला सिडकोत माझी गाडी घरासमोर पार्क केलेली होती, एका टेम्पोने रिव्हर्स घेताना दार चेपवलं. मोबाइलवर बघितलं तर टेम्पोचा इन्शुरन्स मार्चमध्येच संपला होता. दुसऱ्या दिवशी परत बघितलं तर इन्शुरन्स चालू दिसतोय! म्हणजे आता त्याचा क्लेम लागेल का?

उत्तर : नाही लागणार, आणि ही युक्ती फार जण करतात. ठोकल्यावर त्याच संध्याकाळी ऑनलाइन पॉलिसी काढायची. पॉलिसीवर नुसती तारीख नसते, कितीपासून चालू ती वेळ पण असते, त्यामुळे अपघाताच्या वेळी ती नव्हती हे कागदावरच दिसतं. तुम्ही पहिल्या दिवशी मोबाइलवर, म्हणजे एम-परिवहन अ‍ॅपवर, जे बघितलं त्याचा स्क्रीनशॉट काढला असेल तर जपून ठेवा, नसेल तर इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोच्या व्ही-सेवा नावाच्या सोयीवर गाडी नंबर आणि अपघाताची तारीख टाकून बघता येतं. सगळ्यांनाच सांगते, समोरच्याचं नाव पत्ता नंतर मिळतो पण त्या दिवशीचं इन्शुरन्सचं चित्र त्या दिवशीच टिपायला लागतं.

इन्शुरन्स नाही म्हणजे त्याची जबाबदारी संपली असं नाही, टेम्पोच्या मालकाने स्वतः भरायला पाहिजे. विनाइन्शुरन्स गाडी चालवणं हा गुन्हा आहे, पहिल्यांदा २,००० दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, हे त्याला शांतपणे सांगितलं तर पुष्कळदा तो दाराचे पैसे देतो. देत असेल तर गॅरेजच्या बिलाएवढे घ्या, गॅरेजला थेट ट्रान्सफर करायला सांगा, आणि देत नसेल तर पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि स्वतःच्या ओन डॅमेजवर क्लेम टाका. तक्रारीच्या कॉपीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय पोलीस स्टेशनमधून बाहेर पडू नका. नुसत्या नुकसानीचं असेल तर ते बऱ्याचदा एफआयआर करत नाहीत, डायरीला नोंद करतात, पण शिक्का मारलेला कागद तुमच्याकडे राहतो आणि क्लेमवाल्याला तोच पुरतो.

प्रश्न : आम्ही म्हापशाचे. एका टुरिस्टने रेंट-अ-कारने माझ्या स्कूटरला ठोकलं, मला फक्त खरचटलं पण स्कूटरचं फोर्क वाकलं, पुढचं सगळं गेलं, २१,००० सांगतात. टुरिस्ट बेंगळुरूला परत गेला. गाडीमालक म्हणतो चालवत तो होता त्याला विचार. माझी स्कूटर दोन वर्षांची आहे, घेताना शोरूमवाल्याने पाच वर्षांचा इन्शुरन्स दिलाय, पण कंपनीवाले म्हणतात तुमचं नुकसान त्यात बसत नाही. हे कसं काय?

उत्तर : आधी तुमच्या पॉलिसीचं सांगते कारण यात हजारो लोक फसलेत, आणि फसवलं कुणी नाही, सांगितलं कुणी नाही. सप्टेंबर २०१८ पासून नवीन टू-व्हीलरला पाच वर्षांचा आणि नवीन कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स एकदमच काढावा लागतो. पण तो पाच वर्षांचा असतो फक्त थर्ड पार्टी, ओन डॅमेज त्यासोबत बहुतेक वेळा एकाच वर्षाचा देतात. वर्ष संपलं की ओन डॅमेज वेगळा रिन्यू करायचा असतो, आपण कागदावर पाच वर्षं बघतो आणि विसरून जातो, पोलीस पण पकडत नाहीत कारण थर्ड पार्टी चालू असतो. तुमचं तेच झालंय. आत्ता काढलात तर पुढच्यासाठी उपयोगी, झालेल्याला नाही.

मग उरतो त्या कारचा थर्ड पार्टी. मालक सांगतो ते चूक आहे, काळ्या पाटीवर पिवळे नंबर असलेली गाडी भाड्याने दिली तरी इन्शुरन्स त्या गाडीचा असतो आणि मालकाच्या नावावर असतो, टुरिस्ट कुठेही गेला तरी गाडी आणि मालक गोव्यातच आहेत. टुरिस्ट ड्रायव्हर म्हणून जबाबदार, मालक मालक म्हणून, आणि दोघांच्या वतीने भरायचे कंपनीने. भाड्याच्या वेळी त्याने टुरिस्टचं लायसन, आधार आणि बहुधा डिपॉझिट पण घेतलेलं असतं. तेव्हा त्याला लेखी पत्र द्या, पॉलिसीची कॉपी मागा, आणि बघा नुकसानीची मर्यादा किती आहे, कारण काही मालक प्रीमियम वाचवायला ती फक्त ६,००० ची करून घेतात. तसं असेल तर वरचे मालकाने द्यायचे. २१,००० साठी तो कोर्टात उभं राहण्यापेक्षा डिपॉझिटमधून द्यायला तयार होईल अशी शक्यता आहे, पण ते तुम्ही एफआयआर किंवा निदान लेखी तक्रार केली असेल तरच. खरचटलंय म्हणालात, डॉक्टरकडे जाऊन आलात का? दुसऱ्या दिवशी पाठ धरली, मान धरली असं खूप होतं आणि मग कागद काहीच नसतो. आजच जाऊन या.

प्रश्न : माझ्या मावसभावाला नांदेडजवळ रात्री ट्रकने उडवलं, तो गेला. ट्रक पळाला, नंबर कुणी बघितला नाही. घरात वहिनी आणि दोन लहान मुलं आहेत. नंबरच नाही तर काहीच मिळणार नाही का?

उत्तर : फार वाईट झालं. मिळतं, थोडं मिळतं पण मिळतं. गाडी सापडली नाही तर हिट अँड रनच्या योजनेतून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर इजेला ५०,००० मिळतात, एप्रिल २०२२ पासून या रकमा आहेत, आधी २५,००० आणि १२,५०० होत्या. अर्ज तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात करायचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर होते, वकील लागत नाही. बऱ्याच ऑफिसात खिडकीवरच्या माणसाला ही योजना माहीत नसते, तेव्हा मोटार वाहन कायदा कलम १६१ असं अर्जावर वरतीच लिहा आणि पोच घ्या.

पण त्याआधी ट्रक शोधायचा प्रयत्न सोडू नका, कारण ट्रक सापडला तर हाच दावा दोन लाखांचा राहत नाही, भावाचं वय आणि कमाई धरून खूप मोठा होतो. ढाबे, पेट्रोल पंप, टोल नाके, सगळीकडे कॅमेरे असतात आणि रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. तपास अधिकाऱ्याला लेखी द्या की अमुक पंपावरचं आणि अमुक नाक्यावरचं फुटेज ताब्यात घ्या, नुसतं तोंडी सांगू नका. घरातल्या कुणी एकाने स्वतः त्या रस्त्याने जाऊन कुठे कुठे कॅमेरे आहेत ते लिहून आणलं तर पोलिसांना पण सोपं जातं. आणि भावाची स्वतःची मोटरसायकल असेल, तो ती चालवत असेल आणि लायसन चालू असेल तर तिच्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा पर्सनल अ‍ॅक्सिडेंट असू शकतो, ते कागद आधी बघा. हे दुःखात कुणालाच सुचत नाही आणि पॉलिसी तशीच कपाटात पडून राहते.

प्रश्न : माझ्या कंपनीने क्लेम नाकारला, कारण काय तर मी अपघात सांगितला तसा झाला नाही असं सर्व्हेयर म्हणतो. मागच्या गाडीने ठोकून मी पुढच्या गाडीवर गेलो, पुढून मागून दोन्हीकडे लागलंय. आता कोर्टातच जावं लागेल का?

उत्तर : लगेच नाही. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या आणि सर्व्हे रिपोर्टची कॉपी मागा. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा आलं ते पटलं नाही तर आयआरडीएआयच्या विमा भरोसा पोर्टलवर, किंवा १५५२५५ ला फोन करून तक्रार करा, आणि नंतर विमा लोकपालाकडे, मुंबईत आणि पुण्यात त्यांची ऑफिसं आहेत. लोकपालाकडे फी नाही, वकील नाही, कंपनीच्या शेवटच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं. फक्त लक्षात घ्या, लोकपाल तुमच्या आणि तुमच्याच कंपनीच्या भांडणासाठी असतो, समोरच्याच्या कंपनीविरुद्ध तिथे जाता येत नाही.

तुमच्या केसमध्ये मला वाटतं क्लेम फॉर्मवर अपघात कसा झाला ते एका ओळीत लिहिलं गेलंय, मागून धडक बसली एवढंच, आणि पुढचं नुकसान सर्व्हेयरला जुळत नाहीये. तीन गाड्यांचा अपघात असेल तर तिन्हींचे नंबर, कोण कुठे उभं होतं, कुणी कुणाला ढकललं हे साध्या पेनने चित्र काढून द्या. पुढच्या गाडीवाल्याचं दोन ओळींचं पत्र मिळालं तर फारच उत्तम, त्याच्या मागच्या बंपरवर तुमच्या गाडीचा रंग लागला असेल, त्याचा फोटो त्याच्याकडून मागून घ्या. तो गाडी करून टाकायच्या आत.